अस्वल नंबर दोन आणि आमची तोंडं

आमच्या वऱ्हाडात भाव येईल, भाव येईल म्हणून लोक कापूस घरात भरून ठेवतात. आधी मागची खोली भरते, मग मधली, मग एक दिवस घरधन्यालाच अंगणात खाट टाकावी लागते. माझ्या डोक्यात किश्श्यांचं तसंच झालंय. परतवाड्याच्या बाहेर, मेळघाटच्या पायथ्याशी आमचं वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे. तिथं जखमी घुबड येतं, तारेत अडकलेलं हरीण येतं, आणि त्यांच्यामागं माणसं येतात. प्राणी बरा होऊन निघून जातो. माणसांचे किस्से माझ्याकडंच राहतात! त्यांना भाव काही यायचा नाही, तेव्हा आता काढून टाकते एकेक.

माझ्याबद्दल सांगायचं तर, नवरा जंगलखात्यात होता. तो गेल्यावर मी केंद्रात स्वयंपाकाला लागले आणि पाहता पाहता अस्वलांची माय झाले. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं माझं मी शिकले. औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचणं, तोंड न लावणाऱ्या पिल्लाला दूध पाजणं आणि साहेबाला चार शब्द ऐकवणं. सत्तरी आली. चष्मा लावला की सगळं दिसतं, न लावताही बरंच दिसतं.

हे किस्से दोन अस्वलांचे. त्यांची आई संत्र्याच्या बागेतल्या बिनकठड्याच्या विहिरीत पडून मेली, पिल्लं काठावर ओरडत राहिली. मांजराएवढी होती. आमचं काम सांगायला सोपं: त्यांना मोठं करायचं आणि जंगलात सोडायचं. अट एकच. पिल्लांनी माणसाला घाबरलं पाहिजे. न घाबरणारं अस्वल गावात शिरतं, कोणाला तरी फाडतं आणि मग काठ्यांनी मरतं. म्हणून तसल्याला सोडतच नाहीत. त्याला पिंजरा. मरेपर्यंत.

आणि माया लागू नये म्हणून नावं ठेवायची नाहीत. मादी नंबर एक, नर नंबर दोन. बस.

*

ज्याच्या विहिरीत अस्वलीण पडली, त्या शेतकऱ्यानं आम्हाला फोन केला. पण आमची गाडी बिघडलेली होती. आमचा ड्रायव्हर शेषराव मूळचा अकोटचा, आणि ही गाडी जेव्हा बिघडते तेव्हा नेमकी अकोटलाच बिघडते!

शेतकऱ्यानं वाट पाहिली. मग पिल्लं संत्र्याच्या कॅरेटमध्ये ठेवली, वरून दुपट्टा टाकला आणि सरळ परतवाड्याच्या काळीपिवळीत बसला. जीप नेहमीसारखी खचाखच.

दुपट्टा हलला. एक काळं नाक बाहेर आलं.

"अगं माय! कायचं पिल्लू हाये हो भाऊ?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"असंच हाये. काळं."

बाईनं एक पिल्लू उचललं, मांडीवर घेतलं, पदराखाली धरलं. वाटभर त्याचे कान खाजवले. "केसं पाहा कशे! लय गुणाचं हाये हो. कोनती जात म्हनायची ही?"

परतवाडा दिसायला लागलं होतं. शेतकऱ्याला वाटलं, आता खरं बोलायला हरकत नाही.

"अस्वल."

जीप थांबायच्या आधी रिकामी झाली. ड्रायव्हरसुद्धा उतरला!

राहिली ती बाई. कारण पिल्लाला उतरायचंच नव्हतं. मी स्टँडवर पोचले तेव्हा ती दोन्ही हात वर करून, डोळे मिटून बसली होती. मी पिल्लू काढून घेतलं. तिनं एक डोळा उघडला.

"बाई, याची माय मांग येऊन नाई राह्यली ना?"

"नाई," मी म्हटलं. "थे नाई येत आता."

बाई उतरून पळाली. चार पावलं गेली, परत आली, पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग पुन्हा पळाली.

तो नंबर दोन. बघा, पहिल्याच दिवसापासून बिघडलेला!

*

अस्वलाचं पिल्लू दूध प्यायलं की पंजा चोखत बसतं आणि घूंऽऽ घूंऽऽ आवाज काढतं. दोन पिल्लं एकदम सुरू झाली की थेट बोअरची मोटार. हे आमच्या रेंजर साहेबांना माहीत नव्हतं. नवीनच बदलून आले होते. पहिल्याच राउंडला ओरडले, "ती मोटार कोणी चालू ठेवली? टाकी वाहून राहिली असेल! पाण्याची किंमतच नाही कोणाला!"

सुखदेव हा आमचा पिंजऱ्यावरचा माणूस. माझ्याशी दिवसभर भांडेल, पण साहेबाला उलट बोलणं त्याच्या रक्तात नाही. तो मुकाट गेला आणि बंद असलेल्या मोटारीचं बटण दाबून आला. ती चालू झाली.

"अजून चालूच आहे!" साहेब.

सुखदेव गेला, बंद करून आला. घूंऽऽ चालूच.

तिसऱ्यांदा साहेब स्वतः गेले आणि मेन स्विच पाडला. अख्ख्या केंद्राची लाईट गेली. फ्रीज बंद, पंखे बंद, घूंऽऽ चालूच!

शेवटी मी साहेबांना हाताला धरून पिल्लांपुढं नेलं. दोघंही डोळे मिटून पंजे चोखत होती. साहेब बराच वेळ पाहत राहिले. चेहरा मऊ झाला. मग हळूच म्हणाले,

"मावशी, यांना बंद कसं करतात?"

*

डॉक्टर मुग्धा पुण्याची. जनावरांची डॉक्टर, वयानं माझ्या नातीएवढी. पहिल्याच दिवशी मला आजी म्हणाली. मी विचारलं, "तुह्या आजीले अस्वल धरता येते का?" तेव्हापासून मावशी.

तिनं नियम केले. पिल्लांपुढं जाताना डोक्यापासून पायापर्यंत काळं घोंगडं, तोंड झाकलेलं, म्हणजे त्यांना माणूस दिसू नये. घोंगड्याला अस्वलाचा गू चोळलेला, म्हणजे माणसाचा वास येऊ नये. मुग्धा त्याला 'गंधव्यवस्थापन' म्हणायची. मी गू म्हणायची.

आणि आत गेल्यावर एक शब्द बोलायचा नाही. माणसाचा आवाज कानावर पडायला नको.

"मावशी आन् गप?" शेषराव खो खो हसला. "अबे, अस्वल बोलाले लागन एखाद्या वक्ती!"

मी गप्प राहून दाखवलं. हट्टानं राहून दाखवलं! पण एक दिवस सुखदेवनं पाण्याचं घमेलं अशा जागी ठेवलं की नंबर दोन त्यात तीनदा पडला. मी सुखदेवकडं पाहून कपाळावर हात मारला. त्यानं बोटानं माझ्याकडं दाखवलं, म्हणजे 'तुमीच तर सांगतलं होतं.' मी डोक्याशी बोट गरगर फिरवलं. त्यानं कोपरापासून हात जोडले. मी दुधाची बाटली उगारली. त्यानं झाडू उचलला.

तिकडं ऑफिसात मुग्धा कॅमेऱ्यात पाहत होती. तिला दोन काळी घोंगडी हातवारे करत गोल गोल नाचताना दिसली. बिचारीला वाटलं, आग्या मोहोळ उठलं! इंजेक्शन भरून घेऊन धावत आली.

"कुठं चावल्या? मावशी, कुठं चावल्या?"

"कोन?"

"माश्या!"

मग बाहेर उभं राहून आम्ही तेच भांडण पहिल्यापासून पुन्हा, तोंडानं केलं. आतल्यात काही मजा आली नव्हती. मुग्धा मध्ये पडायला लागली, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तिलाच गप्प केलं.

*

तो वास घोंगड्यापुरता राहत नाही, हे मुग्धानं सांगितलं नव्हतं. तो केसांत बसतो.

माझ्या पुतण्याचा साखरपुडा होता, भातकुलीला. शिकेकाईनं न्हाले, इस्त्रीचं पातळ नेसले आणि परतवाड्याहून एसटीत बसले. उभं राहायला जागा नव्हती. थोड्या वेळानं माझ्या शेजारचा उठला. मग पुढची सीट रिकामी झाली, मग मागची. कंडक्टरनं लांबूनच हात ताणून तिकीट दिलं. अमरावतीपर्यंत मी पाय पसरून, आडवी होऊन आले. कलेक्टरसुद्धा एवढा ऐसपैस येत नसेल!

भावाचा कुत्रा सगळ्या गावाला चावतो. मला पाहून तो दातओठ खात धावत आला, मध्येच थांबला, नाक वर केलं आणि रडत खाटेखाली गेला. साखरपुडा उरकेपर्यंत बाहेर नाही.

भावजय कानात म्हणाली, "आक्का, आमचं काई चुकलं का? मंग असा वास घेऊन काहून आल्या?"

पंगतीत मला पोरीकडच्या म्हाताऱ्याशेजारी बसवलं. म्हणजे माझ्या शेजारी कोणीच बसत नव्हतं, त्याला उशिरा कळलं. तो एक घास घ्यायचा आणि थांबायचा. एक घास घ्यायचा आणि वाटीत डोकवायचा. शेवटी त्यानं मला विचारलं, "तुमी कोन?"

"पोराची आत्या. दवाखान्यात असते."

"मानसाईच्या?"

"अस्वलाईच्या."

म्हाताऱ्यानं मोठा श्वास सोडला. "मंग ठीक हाये ना बाप्पा! मी समजून राह्यलो का वांग्याची भाजी आंबली!" आणि वाढप्याला हाक मारून दोनदा भाजी घेतली. असं मोकळं माणूस मी सोयऱ्यांत दुसरं पाहिलं नाही.

*

पिल्लं कुत्र्याएवढी झाली तेव्हा त्यांना जंगलात फिरवणं सुरू झालं. अस्वलाचं मुख्य जेवण म्हणजे वाळवी. वारूळ नखांनी फोडायचं, नाकानं फूऽऽ करून माती उडवायची आणि मग सूऽऽ करून वाळवी ओढायची. हे आई शिकवते. आई नव्हती. म्हणून पुण्याची एक शिकलेली पोरगी घोंगडं पांघरून, गुडघ्यावर बसून, वारुळात तोंड घालून फूऽऽ, सूऽऽ, फूऽऽ, सूऽऽ करायला लागली!

नंबर एकनं दोनदा पाहिलं आणि स्वतः कामाला लागली. तिला माणसाची गरज तेवढ्यापुरतीच होती, पुढंही तेवढीच राहिली. नंबर दोन मात्र माझ्या पाठीवर चढून, माझ्या मानेवर हनुवटी टेकून सगळा कार्यक्रम पाहायचा. गणपतीचे देखावे पाहायला आलेल्या पोरासारखा.

जवळच्या गावातला एक म्हातारा मोहफुलं वेचत होता. त्यानं हे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वारुळाला हळदकुंकू, नारळ, उदबत्त्या! माणसाचं काही खायला द्यायचं नाही हा नियम. नंबर दोननं आम्ही पोचायच्या आत नारळ फोडून खाल्ला होता, आणि उदबत्ती चघळत होता.

मुग्धा गावात गेली. म्हाताऱ्यासमोर बसून सगळं समजावलं. पिल्लं अनाथ आहेत, आई नाही, कोणीतरी शिकवायला पाहिजे, हे शास्त्र आहे, यात देवाचं काही नाही. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मान डोलावली.

"समजलं बाई. सगळं समजलं. आता एवढंच सांग, अंगात कोन येते?"

मुग्धानं माझ्याकडं पाहिलं. मी पाळण्यात होते तेव्हाच माझ्या बापानं घरातले देव नदीत सोडले होते, मला त्यातलं काय कळतं? पण काम व्हायला पाहिजे होतं.

"सासू येते," मी म्हटलं. "पुन्याची."

त्या वारुळाकडं पुन्हा कोणी फिरकलं नाही.

*

एक दिवस सकाळी नंबर दोन गायब. मोठ्या कुंपणात कुठं दिसेना. जाळी फाटली की काय, पळाला की काय, रस्त्यावर गेला की काय! सगळे धावत सुटले. घोंगडी राहिली, नियम राहिले.

मुग्धा ओरडायला लागली, "शोनूऽऽ! शोनू, कुठं आहेस तू?"

शेषराव दुसऱ्या बाजूनं, "पयलवान! ए पयलवान!"

सुखदेव, "काळूभाऊऽऽ!"

आणि ऑफिसच्या पायरीवरून आमचे रेंजर साहेब, सरकारी माणूस, वर्दीत: "बबडूऽऽ!"

मग सगळे एकमेकांकडं पाहायला लागले. साहेबांनी टोपी नीट केली. नावं ठेवायची नाहीत हा नियम त्यांच्याच सहीचा!

मी नावबिव काही ठेवलं नव्हतं. असले लाड मला जमत नाहीत. मी कमरेवर हात ठेवले, बेहड्याच्या झाडाच्या शेंड्याकडं पाहिलं आणि म्हटलं,

"मुडद्या! खाली ये!"

फांद्या कडाडल्या. नंबर दोन वरून घसरत, आपटत, पालापाचोळा घेऊन खाली आला, धावत माझ्याकडं आला आणि माझ्या पायांवर बसला. पंजा तोंडात घातला. घूंऽऽ.

सगळे पोट धरून हसले. साहेबसुद्धा. मुग्धा सगळ्यांत जास्त हसली आणि सगळ्यांत आधी थांबली.

"मावशी," ती म्हणाली, "तो आवाजाला आला."

मग कोणी हसलं नाही.

"तुम्ही आत बोलत नाही, पण भिंतीच्या पलीकडं दिवसभर बोलता. त्याची आई कशी ओरडायची ते त्याला आठवतही नसेल. तुम्ही कशा ओरडता, ते त्याला पाठ आहे."

हाकेला येणाऱ्या अस्वलाला कुठं ठेवतात, हे मला सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "भिंत बुटकी बांधली, त्याले मी काय करू?" पण पायांवर त्याचं वजन होतं आणि ते मला त्या दिवशी फार जड झालं.

*

मुग्धानं नवीन कार्यक्रम आखला. आता घोंगडी काढायची, माणसासारखं जायचं, आरडाओरडा करायचा, थाळ्या बडवायच्या. माणूस म्हणजे डोक्याला ताप, हे पिल्लांना कळलं पाहिजे. अचानक माणूस दिसला तर जंगली अस्वल पळतं, नाहीतर एक फटका मारून पळतं. तिसरं काही करत नाही. जवळ येऊन तर मुळीच बसत नाही.

पहिली तीच गेली. "ए! जा बरं इथून! जा म्हणते ना!" नंबर एकनं तिच्या चपलेचा वास घेतला.

साहेब गेले. "चला, चला, बाजूला व्हा." जणू सभेतली गर्दी हटवताहेत. पिल्लं खरंच बाजूला झाली, त्यांना जायला वाट करून दिली.

मग मी पदर खोचला. अख्ख्या आयुष्यात एवढी योग्य नोकरी मला कोणी दिली नव्हती, शिव्या द्यायचा पगार! मी तोंड उघडलं. माझ्या माहेरच्या शिव्या, सासरच्या शिव्या, बाजारातल्या, पाणवठ्यावरच्या. नंबर एक सरळ सागाच्या शेंड्यावर. सुखदेवच्या शेळ्या दावं तोडून गेल्या. गेटवरचे दोन गार्ड आपण काय केलं ते आठवत बसले. साहेबांनी केबिनचं दार आतून लावलं.

आणि नंबर दोन माझ्यासमोर बसला, डोळे मिटले आणि पंजा चोखायला लागला.

त्याला ती अंगाई वाटत होती!

मी घसा बसेपर्यंत ओरडले. जेवढी ओरडले तेवढा तो पेंगला.

मुग्धा माझ्या शेजारी येऊन बसली. "मावशी, तुम्ही इथं असेपर्यंत तो नाही शिकणार. तुम्ही जा. तो सुटेपर्यंत तरी."

मी तिला जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. मग घरी गेले, पिशवी भरली आणि भातकुलीची गाडी धरली. त्याचा पिंजरा चुकत असेल, तर मी भातकुलीला काय, चंद्रावरसुद्धा जाईन. पण शिव्या देतच जाईन.

*

भातकुलीला मला काम नव्हतं. भावाच्या घरी सगळे माझ्याशी फार चांगलं वागत होते, त्यामुळं भांडायलाही कोणी नव्हतं. रोज शेषरावला फोन.

"काय करून राह्यले माहे लेकरं?"

"एक नंबर लय शिकली मावशी. थाळी वाजली का झाडावर."

"आन् दोन?"

शेषरावनं घसा खाकरला.

"अबे बोल ना बह्याडा!"

"थो थाळीजवळ येते मावशी. काई वाढलं हाये का, पाहून जाते."

मी फोन आपटला. भावजय म्हणाली, "आक्का, चहा घेता का?" मी म्हटलं, "नाई!" तिनं तरी आणला. मी प्यायले. त्या घरात रडायलासुद्धा सोय नव्हती. लगेच कोणीतरी चहा आणायचं!

*

पावसाळा सरल्यावर दोघांनाही सोडलं. मी नव्हते. सगळं फोनवर कळलं. दार उघडताच एकनं जी धूम ठोकली, ती मागं वळून पाहिलं नाही. दोनही गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि संध्याकाळी तो जंगलातल्या चौकीवर येऊन स्वयंपाकघराच्या पायरीशी बसला.

हाकलला. पुन्हा आला. फटाके वाजवले, गेला. दोन दिवसांनी पुन्हा आला. गावातली माणसं बोलायला लागली. साहेबांनी सांगितलं, आता वाट पाहायची नाही. त्यांनी पिंजरा मागवला. मुग्धानं फोन केला आणि नुसती नाक ओढत राहिली.

मला कोणी बोलावलं नव्हतं. बोलावण्याची वाट पाहणाऱ्यांतली मी नाही. भातकुलीहून अमरावती, अमरावतीहून परतवाडा, तिथून जीपनं चौकी. पिंजरा आला होता. नवा रंग मारलेला, हिरवा. आत चार पावलं टाकली की संपतो.

"थो कुठी हाये?" मी सुखदेवला विचारलं.

"सकायी नाल्याकडं जाते. मावशी, तुमी नका जाऊ. तुमाले पाह्यलं का थो गोंडा घोयत येईन, आन् मंग सायेब..."

"मले आखरी डाव पाहू दे. दुरून."

आम्ही दोघं निघालो. घोंगडं नाही, वास नाही. अंगावर साबणानं धुतलेलं पातळ, भावजयीनं इस्त्री केलेलं. नाल्याचं वळण घेतलं आणि दूर वगैरे काही राहिलंच नाही. बोरीच्या झुडपामागं तो वारूळ खणत होता. एका मोठ्या खाटेएवढ्या अंतरावर!

सुखदेव झाडावर. कधी चढला ते मला दिसलंच नाही.

नंबर दोननं मान वर केली. मागच्या पायांवर उभा राहिला. केवढा झाला होता! छातीवरचा पांढरा पट्टा हाराएवढा. नाकावर लाल माती. माझ्याकडं पाहत होता.

कोणी न सांगता मी जन्मात पहिल्यांदा बोलले नाही. ओठ दातांत धरले. आता हा धावत येणार, पायांवर बसणार, पंजा चोखणार. मग वरून सुखदेव पाहणार, साहेबांना सांगावं लागणार आणि हिरवं दार लागणार. मरेपर्यंत.

तो धावत आला.

गेलं सगळं, मी मनात म्हटलं.

आणि मध्येच त्यानं असा आवाज काढला, जो मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. एक पंजा. पोटरीवर. मी चिखलात उताणी, तो माझ्यावरून उडी मारून झुडपात, झुडपातून टेकडीवर, आणि मग नुसता पालापाचोळ्याचा आवाज, दूर, आणखी दूर.

"मावशी!" झाडावरून सुखदेव. "जिवंत हाये का?"

"पाह्यलं का तू?" मी पडल्यापडल्या ओरडले. "मारलं त्यानं मले! सुखदेवा, मारलं!"

"मारलं मावशी! म्या पाह्यलं! चांगलं मारलं!"

"उतर खाली, बह्याडा! आन् सायेबाले सांग, पिंजरा परत ने म्हना!"

परतवाड्याच्या दवाखान्यात पोटरीला टाके घातले. मुग्धा आली. आधी मला झापलं, मग रडली, मग हसली, मग पुन्हा झापलं. साहेब दारात उभे राहून टोपी हातात फिरवत होते. शेषरावला मी मिठाईच्या दुकानात पिटाळलं. तो मोठा खोका घेऊन आला, आणि मी खाटेवर बसून अख्ख्या वॉर्डाला पेढे वाटायला लावले.

शेजारच्या खाटेवर अकोटची एक बाई होती. तिनं पेढा घेतला.

"कायचे पेढे वं आजी? नातू झाला का?"

"नाई वं. अस्वलानं मारलं."

बाईनं माझ्या पायाकडं पाहिलं. पट्टीतून रक्त येत होतं. माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग पेढा हळूच खाटेच्या कडेला ठेवला आणि दाराकडं तोंड करून हाक मारली,

"सिस्टर! इकडं या बरं जरा. या आजीच्या डोस्क्यालेबी मार हाये!"